पन्नास हर्ट्झची विद्यार्थिनी

यंदा आमच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला विजेच्या तारांमधल्या गुणगुणीनं रीतसर प्रवेश घेतला. हजेरीपटावर तिचा नंबर एक्केचाळीस होता. हजेरी घेताना ती ट्यूबलाइटमधून "हं" म्हणायची.

मी त्या वर्गाला डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग शिकवते. सिग्नलचे आकडे करायचे आणि त्यातलं नको ते गाळायचं. अडचण एवढीच, की नको ते म्हणजे बहुतेकदा गुणगुणच. तिला गाळायची कृती पुस्तकात जागोजागी होती. तेच धडे ती सगळ्यांत मन लावून वाचायची.

"ढोबळे मॅडम, सेकंदाला पन्नास कंपनं म्हणजे मीच ना?"

"हो, तूच."

"मग मला नेमकं गाळता आलं पाहिजे. बाकी कशाला धक्का न लागता."

वार्षिक प्रात्यक्षिकाला प्रश्न आला: हृदयाच्या ठोक्यांच्या नोंदीत मिसळलेली विजेची गुणगुण काढून टाका. इतरांच्या फिल्टरनं गुणगुणीबरोबर ठोक्यांचाही थोडा लचका तोडला. एक्केचाळीस नंबरनं प्रोग्राम लिहिला, तपासला आणि चालवला. पडद्यावर स्वच्छ ठोके उमटले. खोली एकदम शांत झाली. मी वर पाहिलं, तर ट्यूबलाइटमधूनही आवाज येत नव्हता.

बाहेरून आलेले परीक्षक खैरमोडे सर म्हणाले, "परीक्षार्थी कुठे आहे?"

"उत्तरात नाही, सर."

"म्हणजे गैरहजर. गैरहजराला शून्य."

"ती हजर असती तर उत्तर चुकलं असतं, सर."

त्यांनी नियमावली काढली. उत्तर पूर्ण होईपर्यंत परीक्षार्थीनं प्रयोगशाळेत असावं, असा नियम होता.

"तोपर्यंत होती," मी म्हणाले.

सरांनी चष्मा पुसून कंपनांचा आलेख पाहिला. "पन्नासला साफ शून्य. एकोणपन्नास आणि एक्कावन्नला ओरखडासुद्धा नाही." त्यांनी पन्नासपैकी पन्नास लिहिले. मी घाईघाईनं प्रोग्राम थांबवला. ट्यूबलाइट गुणगुणली आणि अख्खा वर्ग बाकं बडवायला लागला.

ती विद्यापीठात पहिली आली. सत्काराला सभागृह खच्चून भरलं होतं. तिचं नाव पुकारल्यावर स्पीकर घुमू लागला. माइकवाले लोखंडेकाका वायर हलवायला धावले, तसं प्राचार्यांनी त्यांचा हात धरला.

"थांबा हो. ती बोलतेय."

ती अकरा मिनिटं बोलली. आम्ही सगळे उभं राहून ऐकत होतो.