झाकणं उघडणाऱ्या इंदूमावशी

इंदूमावशी कुणाच्याही घरात शिरल्या की आधी स्वयंपाकघरात जातात आणि ओट्यावरच्या भांड्यांची झाकणं उघडून बघतात. घरात सत्यनारायण असो, मुलगी बघायला पाहुणे आलेले असोत, त्यांना फरक पडत नाही. आम्ही बडोद्याच्या निजामपुऱ्यात राहायला आलो त्या पहिल्याच सकाळी एक अनोळखी बाई तरातरा आत आल्या, आमटीवरचं झाकण उचललं, वाफेत नाक घातलं आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "गूळ दोनदा पडलाय. सकाळी सकाळी भांडलात, बरोबर ने?"

भांडलो होतो. सामानाच्या टेम्पोवरून.

मावशी नात्यातल्या कुणाच्याच नाहीत. तळमजल्यावर एकट्या राहतात. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. सारा जन्म बडोद्यात गेल्यामुळे त्यांचं मराठी केव्हा गुजरातीत शिरेल ते त्यांनाही ठाऊक नसतं. "जो, बघ, माणूस खोटं बोलतो, भाजी बोलत नाही," हे त्यांचं तत्त्वज्ञान. या एका तत्त्वज्ञानाच्या जोरावर त्यांनी सोसायटीचे सेक्रेटरी हसमुखभाई यांची अळणी कढी चाखून त्यांचं लपवलेलं ब्लडप्रेशर उघडकीला आणलं. एका लग्नात तर त्या थेट भटारखान्यात घुसल्या. स्वयंपाकी महाराज झारा घेऊन अंगावर आला. मावशींनी शांतपणे उंधियूच्या भाजीतलं मेथीचं एक मुठियं मोडून बघितलं आणि विचारलं, "मन ठिकाणावर नाही तुझं. घरून फोन आला काय?" महाराज मटकन खाली बसला आणि आईच्या दुखण्याची सगळी हकीकत सांगू लागला. तिकडे पंगत खोळंबली होती.

मला हा प्रकार अजिबात आवडत नसे. माझ्या घरातल्या आमटीत काय शिजतंय ते माझ्यापुरतं राहावं, असं मला वाटे. झाकली मूठ सव्वा लाखाची, या म्हणीवर माझा फार विश्वास.

गेल्या पावसाळ्यात माझी बायको मेधा मनानं आजारी पडली. शाळेत गणित शिकवणारी, साऱ्या घराला धाकात ठेवणारी बाई अंथरुणातून उठेना. वासणा भागातल्या एका डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. महिन्यातून एकदा जायचं, गोळ्या आणायच्या. कुणी विचारलं तर, "ट्रीटमेंट चालू आहे" असं सांगायचं. या तीन शब्दांवर मी निर्धास्त होतो. मावशी मात्र रोज डबा घेऊन यायच्या आणि जाताना मागचा डबा उघडून बघायच्या. "अव्या, हिनं कालचं पण खाल्लं नाही. डॉक्टरला सांगितलंस?" मी म्हणायचो, "पुढच्या तारखेला सांगतो."

आणि दिवाळीच्या तोंडावर मेधा एकाएकी बरी झाली! सकाळी उठली, न्हायली, स्वयंपाक केला. चेहरा शांत. तिनं आपल्या आईची आवडती साडी माझ्या बहिणीला देऊन टाकली. उन्हाळ्यात घातलेलं कैरीचं लोणचं आणि छुंदा, अख्ख्या वर्षाची साठवण, शेजारीपाजारी वाटली. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मी रविवारी फाफडा-जलेबी आणली आणि आल्यागेल्याला वाटत सुटलो.

त्याच रविवारी मावशी आल्या. हातात आम्हीच दिलेली छुंद्याची बरणी. सवयीनं आत गेल्या, झाकणं उचलली. स्वयंपाक उत्तम होता. मग त्यांची नजर फळीवर गेली.

"बरण्या कुठं गेल्या?"

"वाटल्या. उत्साह आलाय तिला. जलेबी घ्या."

मावशींनी जलेबी घेतली नाही. "गाढवा, वर्षाचं लोणचं घातलेली बाई दिवाळीत फळी रिकामी करत नाही. पुढचे महिने दिसत असतील तर नाही करत."

त्या सरळ मेधापाशी जाऊन बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि भाजीचा भाव विचारावा तितक्या सरळ विचारलं, "मेधा, जीव द्यायचं मनात येतं का?"

मी ओरडलोच, "मावशी! काय भलतंसलतं! विचारल्यानं यायचं मनात!"

"विचारल्यानं येत नाही. आलेलं असतं ते बाहेर पडतं. तू गप बस."

मेधानं मावशींच्या हातातला हात काढून घेतला नाही. मग म्हणाली, "ठरलंय माझं. ठरलं तेव्हापासून शांत वाटतंय."

मी हातातली जलेबीची ताटली खाली ठेवली. ज्या शांतपणाची मी जलेबी वाटली होती, तो हा होता.

"चाल, ऊठ," मावशी म्हणाल्या. "आत्ता दवाखान्यात जायचं."

"तारीख पुढच्या आठवड्यात आहे," मी पुटपुटलो.

"कुकरची शिट्टी अडकल्यावर पुढच्या आठवड्याची वाट बघतोस काय? गोळ्या आणि महिन्याची तारीख एवढ्यानं भागत नाही आता. भरती करायला पाहिजे. डेंग्यू झाला असता तर केली असतीस ने?"

रिक्षात त्यांनी मेधाचा हात एकदाही सोडला नाही. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मेधाला मावशींचाच प्रश्न विचारला, तितक्याच सरळ. मग मला म्हणाल्या, "आणलंत ते फार चांगलं केलंत." तिला लगेच दाखल करून घेतलं. औषधं बदलली, रोज तिच्याशी बोलणं सुरू झालं, चोवीस तास कुणाचं तरी लक्ष. मावशी भेटीच्या वेळेला हजर. वॉर्डातल्या जेवणाच्या गाडीवरची झाकणं उघडल्याबद्दल त्यांना दोनदा समज देण्यात आली. पण त्यानंतर खिचडीत तूप दिसू लागलं, असं मेधानंच हसत सांगितलं. ते हसू मी कितीतरी महिन्यांनी पाहत होतो. मी जिन्यात जाऊन रडलो.

सोसायटीत मात्र मी सांगून टाकलं होतं, "मेधा पुण्याला माहेरी गेलीय."

तिला घरी आणलं त्या संध्याकाळी मावशींनी रिक्षा जिन्यापाशी जाऊच दिली नाही. गेटवरच थांबवली. तिथं पाट, रांगोळी, ताम्हण, सगळा थाट. कट्ट्यावर अख्खी सोसायटी. हसमुखभाई पुढं आले, "भाभी, पूनाथी आवी गयां?"

मी तोंड उघडायच्या आत मावशी गरजल्या, "पूना केवुं ने वात केवी? हॉस्पिटलमां हती! मननी मांदगी हती, मोटी मांदगी. लढीने आवी छे!"

हॉस्पिटल, मनाचा मोठा आजार, लढून परत येणं, सगळं भर गेटवर जाहीर. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात हसमुखभाईंच्या कोकिलाबेन गर्दीतून पुढं आल्या आणि मेधाला हळूच म्हणाल्या, "मारा भाईने पण एवुं ज छे. डॉक्टर कया?" त्यांच्या भावालाही हेच दुखणं, डॉक्टर कोणते ते त्यांना हवं होतं. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि बघता बघता सगळेच वाजवू लागले. एवढ्या टाळ्या आमच्या सोसायटीत क्रिकेटची मॅच जिंकल्यावरसुद्धा पडल्या नव्हत्या.

मेधाला ओवाळून झालं, तसं तिनं मावशींच्या हातातलं ताम्हण काढून घेतलं. "आता तुम्ही पाटावर उभ्या राहा."

"मी कशाला? काहीतरीच तुझं!"

"राहा म्हणते ना. वॉर्डात तुम्ही मला सांगितलंत ते मी विसरलेली नाही."

मावशी पाटावर चढल्या. आम्ही सगळे बघत राहिलो, तेव्हा त्याच म्हणाल्या, "बघताय काय? मी पण होते अशा दवाखान्यात. लग्नानंतर. सासरी सगळ्यांना सांगितलं होतं, इंदू काशीला गेलीय. न्यायला कुणी आलं नाही. ट्रंक घेऊन एकटी परत आले. मग गल्लीतल्या बायका विचारायच्या, काशी कशी होती? मी सांगायचे, गंगा मोठी आहे, घाट लांबलचक आहेत. किती वर्षं सांगत होते." त्या थांबल्या. "काशी अजून बघितली नाही मी."

मेधानं त्यांना ओवाळायला घेतलं. कुंकवात बोट बुडवलं आणि क्षणभर थबकली. मावशींच्या कपाळाला कित्येक वर्षांत कुणी कुंकू लावलं नव्हतं.

मावशींनी कपाळ पुढं केलं.

"लाव. चांगलं मोठं लाव," त्या म्हणाल्या. "रस्त्यावरून दिसलं पाहिजे."