मधल्या कुडाची भोके

म्हसळ्याजवळच्या त्या घराची वाटणी झाली, तेव्हा हिरामण आणि त्याचा थोरला भाऊ तुळशीराम यांनी मधोमध कारव्यांचा कूड घातला, दोन्ही अंगांनी मातीने लिंपला आणि एकमेकांशी बोलणे टाकले. पण कूड वाळला तशी त्याला बोट जाईल एवढाली भोके पडली. हिरामणने बायको मैनाजवळ भावाची निंदा सुरू केली, की नेमक्या जागी पलीकडून खाकरणे ऐकू येई.

वैतागून त्याने शेणमातीत भाताचा कोंडा मळला आणि भोके बुजवली. सकाळी सगळे बोळे त्याच्या अंथरुणात. मग चुन्यात गूळ कालवून भरला. तोही पडला आणि वर घरभर मुंग्या झाल्या.

"भाऊच पलीकडनं काडी घालतोय," हिरामण म्हणाला. "त्याला माझं बरं बघवत न्हाय."

"मंग इचारा की त्यास्नी," मैना म्हणाली.

"मी त्याच्याशी बोलत न्हाय."

शेवटी त्याने श्रीवर्धनच्या बंदरावरून होडीच्या फटीत भरतात ती तेलात कढवलेली राळ आणली. ती भोकात जाण्याआधी त्याच्या केसांत, धोतराला आणि पाण्याच्या तांब्याला लागली. वासापायी मैनाने चूल अंगणात नेली. हिरामणने दात खाऊन मोठ्या भोकात गोळा दाबला. तेवढ्यात तो उलटा आला आणि मागोमाग ओल्या मातीचा लपका त्याच्या मिशांवर बसला.

"कोन ढकलतंय?" पलीकडून तुळशीरामचा आवाज आला.

"मी बुजवतोय."

"मी पन तेच करतोय. रोज भरतो नि रोज माझ्या ताटात पडतं. मला वाटलं, तूच पाडतोस."

हिरामणने मिशा पुसल्या.

"काय भरतोस रं, भाऊ?"

"वारुळाची माती. तू?"

"राळ."

"राळ? उन्हाळ्यात पाघळून खाली येईल. अक्कल हाय का?"

"नि तुझी माती काय टिकनार? पावसाळ्यात वल धरंल."

मग चुना निघाला, चुन्यावरून बापाने बांधलेली विहीर निघाली, विहिरीवरून बांधावरचा फणस. दोघेही कुडाला टेकून बसले होते. उन्हे ओसरीवर आली. इकडे मैनाचा आणि तिकडे तिच्या जावेचा, राहीचा, भात निवून गेला.

अखेर मैनाच मातीचा गोळा घेऊन आली.

"सरा. मी लिंपते."

"थांब जरा," दोन्हीकडून एकदमच आवाज आला. "आमचं बोलनं व्हायचं हाय."