नातीच्या लॅपटॉपवर लिनक्स बसविणेबाबत

विषय : चि. मंजुश्री हिच्या नवीन लॅपटॉपवर लिनक्स बसविणेबाबत.
संदर्भ : अधोस्वाक्षरीकारास रविवारी सकाळी चहानंतर झालेली इच्छा. (लेखी मान्यता घेतलेली नाही.)

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, लॅपटॉप उत्तम चालू होता. हे सुरुवातीलाच नमूद करतो, कारण नंतर घरात झालेल्या चौकशीत प्रत्येकानं हाच मुद्दा पुन्हा पुन्हा मांडला.

मंजुश्री माझी नात. मुलाचं देवणीला कापडाचं दुकान आहे, पण हिला डॉक्टर व्हायचंय, म्हणून ती लातुरात आमच्याकडे राहते. डॉक्टर व्हायला लातुरात येणाऱ्या पोरांची गर्दी पाहिली की पुढे पेशंट कुठून आणणार, अशी काळजी मला वाटते. आमच्या गल्लीत किल्लारीच्या भूकंपानंतर कितीतरी दिवस कुणी माडीवर झोपायला तयार नव्हतं. लोक अंगणात पत्रे टाकून झोपायचे. आता त्याच अंगणांत तीन-तीन मजली वसतिगृहं उभी आहेत, आणि वरची खोली बघायला आलेलं पोरगं एकच विचारतं, "काका, नेट येतं का?" जमिनीची चौकशी कुणी करत नाही. भीतीलाही निवृत्तीचं वय असावं.

मंजुश्रीच्या क्लासमध्ये परीक्षा घरबसल्या लॅपटॉपवर होते आणि गुणांवरून बॅच ठरते. पहिल्या बॅचला मोठे सर शिकवतात. दुसऱ्या बॅचला मोठ्या सरांचे मेहुणे. मागच्या परीक्षेत ऐन रसायनशास्त्रात लॅपटॉपनं स्वतःला अद्ययावत करायला घेतलं. पडदा निळा झाला, ठिपके गोल फिरू लागले आणि पोरगी पहिल्या बॅचच्या काठावर येऊन थांबली. ती रडली नाही. त्या ठिपक्यांकडे नुसती बघत बसली. ते मला जास्त लागलं. या रविवारी दुपारी चारला पुढची परीक्षा होती. तीत घसरली की मेहुणे.

आता माझे मित्र साहेबराव. विष्णुपुरीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात कार्यालयात होते, नांदेडलाच असतात, आणि आयुष्यभर संगणकाच्या शेजारच्या खोलीत बसल्यामुळे संगणकाबद्दल अधिकारवाणीनं बोलतात. ते म्हणाले होते, "लिनक्स टाक ना भाऊ. विंडोजसारखंच असतंय, पण न विचारता काहीच करत न्हाई ते. लई गरीब जनावर हाय." मागच्या भेटीत त्यांनी मला एक पेनड्राइव्हही भरून दिला होता. न विचारता काही न करणारी वस्तू! सगळ्या नोकरीत मी असा एकच शिपाई पाहिला होता, आणि त्याला आम्ही आळशी म्हणत असू.

रविवारी सकाळी मंजुश्री शंका विचारायला क्लासला गेली आणि मी पेनड्राइव्ह लावला.

"काय करायलात?" सौ. महानंदा दारातून म्हणाली.

"सुधारणा."

"चालत्या गाडीचं चाक काढायलात. बघा बाई."

(या वाक्याची नोंद मी तेव्हा घेतली नाही.)

पडद्यानं आधी भाषा विचारली. मी मराठी निवडली. ते मराठी भाषांतर आमच्याच सरकारी खात्यातल्या कुणीतरी केलेलं असावं, कारण दोनदा वाचूनही आपल्याला काय मिळणार आणि काय जाणार, ते समजत नव्हतं. मग विचारलं, आधी वापरून बघणार की थेट बसवणार? वापरून बघा, असं सरकारनं कधी कुणाला विचारलंय का? मी थेट बसवणार म्हटलं. मग आला मुख्य प्रश्न : जुन्या प्रणालीच्या शेजारी बसवायचं, की जुनी पुसून?

इथं कुणीही शहाणा माणूस 'शेजारी' म्हणाला असता. पण मी भूकंप पुनर्वसनाच्या कार्यालयात भांडार सांभाळलेला माणूस. भांडाराचा नियम साधा असतो : जुनी वस्तू निर्लेखित, म्हणजे नोंदवहीतून बाद, झाल्याशिवाय नवी द्यायची नाही. एका साहेबांची खुर्ची मोडली तेव्हा जुनीचं निर्लेखन होईपर्यंत ते उभे राहून सह्या करत होते. नवी खुर्ची समोर, वेष्टणात होती. तेव्हा एका टेबलावर दोन प्रणाल्या ही मला सरळसरळ अनियमितता वाटली. मी 'पुसून' वर टिचकी मारली. सर्व मजकूर कायमचा जाईल, खात्री आहे का, असंही त्यानं नम्रपणे विचारलं. खरोखरच गरीब जनावर. मी खात्री दिली.

थोड्या वेळानं लॅपटॉप नव्यानं उघडला. सुंदर! स्वच्छ! ठिपके नाहीत, निळा पडदा नाही. फक्त नेट नव्हतं.

नेटचं चिन्ह जिथं असतं तिथं काहीच नव्हतं. मी साहेबरावांना फोन लावला.

"रिस्टार्ट कर," ते म्हणाले.

केला. नाही.

"अजून एकदा कर."

"साहेबराव, हे औषध आहे की नवस?"

"थांब. वायफाय ज्याच्यावर चालतंय तो ड्रायव्हर नसंल त्याच्यात. नेटवरून उतरवून घे ना."

"नेट नाही म्हणून तर ड्रायव्हर पाहिजे!"

"हाव. बरोबर हाय तुझं. मग जुनं विंडोज चालू कर तेवढ्यापुरतं."

"ते पुसलं."

"पुसलं? आरं, शेजारी बसवायचं असतंय! आधी चालवून बघ म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"नव्हतं सांगितलं."

"मग आता सांगतो."

रहिवासी दाखल्यासाठी रहिवासी पुरावा मागणाऱ्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी भांडारानंतर बरीच वर्षं बसलो. बाहेरच्या बाजूनं ती कशी दिसते, ते त्या दिवशी कळलं.

मंजुश्री जेवायला आली, तिनं पाहिलं आणि ताट सरकवलं. तिनं फोनचं हॉटस्पॉट लावून पाहिलं, पण लॅपटॉपला हवेतून येणारं काहीच ऐकू येत नव्हतं. मैत्रिणींचे लॅपटॉप मैत्रिणींना हवे होते. मोबाइलवर परीक्षा चालणार नाही, असं क्लासनं बजावलं होतं.

"आप्पा, चांगला चालू होता ना हो."

"हो."

"मग?"

रागावली असती तर बरं झालं असतं. ती पुन्हा तशीच नुसती बघत बसली, आणि या वेळी तर ठिपकेसुद्धा नव्हते.

तिच्या शेजारी बसलो असताना मला शिवगंगाबाई आठवल्या. किल्लारीकडच्या एका गावातल्या. गाव उठवून नव्या जागी वसवलं, तेव्हा मी खाटा आणि भांडी वाटायला जायचो. सरळ रेषेत घरं, रुंद रस्ते, वर पक्का स्लॅब. मोठ्या उत्साहानं त्यांना विचारलं, "घर कसं आहे मावशी?" त्या म्हणाल्या, "घर लई चांगलं हाय, साहेब. पन हितून हाक कुनाला मारावी?" जुन्या गावात त्यांची चूल आणि शेजारणीची चूल यांच्यात एकच भिंत होती. मीठ संपलं की भिंतीवर लाटणं वाजवायचं. नव्या गावात शेजारीण तीन गल्ल्या पलीकडे गेली होती आणि मधल्या रुंद रस्त्यावर लाटणं वाजवायला काही नव्हतं. आम्ही गाव मोजून दिलं होतं, घर मोजून दिलं होतं. हाक कुठवर जाते, हे मोजायचा रकाना आमच्याकडे नव्हता. तेव्हा मला ती म्हातारीची कुरकुर वाटली. आता समोर एक पक्कं, नवं, स्वच्छ यंत्र होतं, आणि त्यातून हाक कुठंच जात नव्हती.

साडेतीनच्या सुमाराला महानंदा फोन घेऊन आली.

"सरका जरा. फोन मेला माझा. उदगीरला ताईशी बोलायचंय."

"तिकडं लाव ना स्वयंपाकघरात."

"तिथं मिक्सर हाय." तिनं आपली वायर सरळ लॅपटॉपच्या भोकात घातली, फोन जिवंत व्हायची वाट पाहिली आणि त्यावर बोटानं काहीतरी दाबलं.

लॅपटॉप टिंग करून वाजला. कोपऱ्यात एक चिन्ह उमटलं. मंजुश्री एकदम ताठ बसली.

"आजी! काय केलंस तू?"

"म्या काय न्हाई केलं बाई! फोननं इचारलं, याच्यासंगं नेट वाटून घ्यायचं का. घे म्हणलं. दारात आलेल्याला न्हाई कशाला म्हणायचं?"

नात आजीच्या गळ्यात पडली. मी तिथंच उभा होतो, पण गळ्यात पडण्यासारखं माझ्या बाजूला काही नव्हतं.

अडचण एवढीच की ती वायर सैल होती. जरा हलली की नेट जाई. कुणीतरी ती दाबून धरणं भाग होतं. आणि परीक्षेत कॅमेरा चालू असतो. खोलीत दुसरं माणूस दिसलं की पेपर बाद.

"आप्पा," मंजुश्री म्हणाली, "टेबलाखाली बसाल?"

बसलो. एका हातानं वायर वर दाबून धरलेली, मान टेबलाच्या फळीला टेकलेली, गुडघे नाकाशी. माझ्या डोळ्यांसमोर नातीची पावलं होती. प्रश्न सोपा आला की अंगठा हलायचा, अवघड आला की दोन्ही पावलं एकमेकांवर चढायची. भौतिकशास्त्रात ती बराच वेळ चढलेली राहिली. मी खालून वायर आणखी जोरात दाबली, जणू त्यानं उत्तर सुचणार होतं. मध्येच महानंदा दाराबाहेरून दबक्या आवाजात म्हणाली, "माझा फोन कधी देता?" मी शिंकही आवरून धरली होती, उत्तर काय देणार! रसायनशास्त्राला अंगठा हलत राहिला. तेव्हा माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पण तक्रार करण्याच्या स्थितीत मी नव्हतो, कुठल्याच अर्थानं.

निकाल लागला. पोरगी पहिल्या बॅचमध्ये राहिली, काठापासून चांगली आत सरकून. त्याच नेटवरून तिनं वायफायचा ड्रायव्हरही स्वतःच उतरवून घेतला. लिनक्स आता झकास चालतं, परीक्षेत मध्येच काही करत नाही. साहेबराव हे यश आपलं मानतात. तिनं जुनं विंडोज परत आणलं नाही, यावरून माझा निर्णय मुळात योग्य होता, असा निष्कर्ष काढता येतो. मी तो घरात अद्याप मांडलेला नाही.

मात्र लॅपटॉपला तिनं पासवर्ड घातला आणि तो मला सांगितला नाही. त्यावर मी 'लॅपटॉप हाताळण्यास परवानगी मिळणेबाबत' असा रीतसर अर्ज केला. नातीनं त्यावर 'आजीचा अभिप्राय घ्यावा' असा शेरा मारून तो पुढे पाठवला. आजीनं तो फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावला.

काल मी विचारणा केली.

"बघू," महानंदा म्हणाली, "उद्या या."

"उद्या या म्हणजे? मी इथंच राहतो."

"मग उद्या इथंच राहा."

आज पुन्हा गेलो होतो. संबंधित व्यक्ती उदगीरला ताईकडे गेल्याचं समजलं. अर्ज प्रलंबित आहे.