हत्तुरेकाकांचा पांढरा चहा

आमच्या जुळे सोलापुरातल्या कॉलनीत बाकीची माणसं शर्टाच्या खिशाला पेन लावतात, हत्तुरेकाका थर्मामीटर लावतात. तापाचा नव्हे, पाण्याचा. काका चादरीच्या कारखान्यात रंगमास्तर होते, तेव्हा रंगाच्या हौदात बुडवायचा हा थर्मामीटर. आता तो लोकांच्या चहाच्या पातेल्यात बुडतो. धुतलेला असतो, असं ते म्हणतात.

"उकळलं? संपलं! मेला की हो तो चहा!" हे त्यांचं पालुपद. उभा जन्म लाल-निळ्या रंगात हात बुडवून काढलेल्या या माणसाला म्हातारपणी वेड लागलं ते जवळजवळ बिनरंगाच्या चहाचं. आणि हट्ट एकच: कॉलनीतल्या प्रत्येक घरात पांढऱ्या चहाची पुडी असलीच पाहिजे. पुडी तेच आणून देतात, मग आठवड्यानं तपासायलाही येतात.

आमच्याकडे पुडी आली तेव्हा त्यांनी तासभर माहिती दिली. चहाच्या झाडाच्या शेंड्याचा न उमललेला कोंब, त्यावर बारीक पांढरी लव, म्हणून पांढरा चहा. तो वाफवायचा नाही, मळायचा नाही, नुसता सुकवायचा. आणि करताना पाणी उकळायच्या आधीच, ऐंशी अंशांवर, खाली उतरवायचं. नुसत्या कोंबांचा असला तर 'रुपेरी सुई', सोबत कोवळी पानं असली तर 'पांढरा पिओनी'. मूळ चीनमधल्या फुजियानचा, आता आपल्या दार्जिलिंगलाही होतो. फुजियान हे नाव ते अक्कलकोटच्या पलीकडचं एखादं गाव असावं इतक्या आपुलकीनं घेत होते.

"दाताला चांगला, हृदयाला चांगला, कातडीला तर लई चांगला," काका म्हणाले.

याबद्दल शास्त्रज्ञांचं अजून नक्की ठरलेलं नाही, असं मी कुठंतरी वाचलं होतं. ते सांगितलं.

"ठरवू देत की सावकाश," काका म्हणाले. "आपण तवर पिऊन घेऊ. कुडीरी, कुडीरी!" रंगात आले की काका असा कन्नडमध्ये 'प्या, प्या' म्हणून आग्रह करतात.

पुढच्या आठवड्यात माझ्या बायकोनं, सुनंदानं, त्या रुपेरी सुया पातेल्यात टाकल्या, आलं ठेचलं, साखर घातली, अर्धा लिटर दूध ओतलं आणि सोलापुरी पद्धतीनं तीन उकळ्या काढल्या. नेमके तेव्हाच काका तपासणीला आले. पातेल्यात डोकावून ते मटकन खुर्चीत बसले. सुनंदानं पुढं केलेला कप त्यांनी मुकाट्यानं संपवला, आणि "रंग बाकी पक्का चढलाय" एवढंच म्हणून गेले. तो कप त्यांनी जरा जास्तच चवीनं संपवला, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही.

हळूहळू लोक काकांना टाळू लागले. शेंगाचटणी खाणाऱ्या गावात असला नाजूक चहा जिभेला कळायचा कसा? एप्रिलमध्ये एकानं त्यांना सांगितलं, "काका, गॅस कशाला? गच्चीवरच्या टाकीचं पाणी तुमच्या मापात बसतंय." काकांनी खरोखर नळाखाली थर्मामीटर धरून पाहिला.

काकू मात्र हल्ली कुठं दिसत नसत. पूर्वी दुपारी चार वाजले की त्या कुणाच्या तरी घरी हमखास बसलेल्या असायच्या, आणि त्यांचं हसणं रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. नवऱ्याच्या या वेडाची लाज वाटत असणार, असा सुनंदाचा निष्कर्ष होता. मलाही तो पटला.

मग एका सकाळी मी स्टेशनजवळच्या टपरीवर काकांना पकडलं. रस्त्याकडे पाठ करून ते बशीत ओतलेला दाट, दुधाळ चहा भुरकत होते.

"काका!"

बशी हिंदकळली. मला आधी हसू आलं, मग रागही आला. "आम्हाला गरम पाणी पाजता आणि स्वतः हे?"

"मला न्हाई हो आवडत ते," काका अपराधी चेहऱ्यानं म्हणाले. "काहीच लागत न्हाई त्याला."

"मग कॉलनीच्या मागं का लागलाय?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "हिची शुगर लई वाढली. डॉक्टरनं दूध-साखरेचा चहा बंद केला. कोरा चहा कडू लागतो, पोटात जळजळ हुती. एवढा पांढरा तेवढा सोसतो तिला. पण कुणाच्या घरी गेली की चहा येतोच की. न्हाई म्हटलं की समोरच्याचं तोंड उतरतंय. 'लोकांचा चहा परत कसा पाठवू,' म्हणती. म्हणून जायचंच सोडलं तिनं. दिवसभर भिंतीकडं बघत बसती. मग म्हटलं, घराघरात ही पुडी असली तर कुठंबी गेली तरी तिच्या हातात कप पडंल."

कॉलनीभर या माणसाची टिंगल करण्यात मी पुढं होतो, त्याची फार लाज वाटली.

घरी येऊन मी सुनंदाला सगळं सांगितलं. त्याच दुपारी ती काकूंना हाताला धरून घेऊन आली. "चहा नको हं," काकू दारातच घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या. सुनंदानं पाणी उकळू दिलं नाही. तीन कप आणले, तिन्हींत तोच फिकट चहा. काकूंनी कपात पाहिलं, मग आमच्या कपांत पाहिलं, आणि पदरानं डोळे पुसले. अर्ध्या तासानं त्या सुनंदाच्या मांडीवर थाप मारून हसत होत्या.

सहा वाजता मी गॅलरीत आलो तर काका खाली फाटकाशी उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"काका, वर या की!"

त्यांनी घाईघाईनं हात हलवून मला गप्प केलं. आतून काकूंचं हसणं ऐकू येत होतं.

"नको, नको," ते हळूच म्हणाले. "मी आलो तर घरी जायची वेळ झाली म्हणून उठंल ती. बसू दे तिला."