सतरा मिनिटांची मिठी

भावाभावांचं प्रेम तेरा आठवड्यांच्या वर टिकलं तर ते समाजाला हानिकारक ठरतं. हे टीव्हीवरच्या कुस्तीच्या कथाविभागाचं अनुभवसिद्ध मत आहे आणि त्याला आलेखांचा आधार आहे. नवी जोडी जुळली की चार आठवडे रेटिंग चढतं, नवव्या आठवड्यात बसतं, बाराव्यात आडवं होतं. म्हणून तेराव्या आठवड्यात एकाने दुसऱ्याला मिठी मारावी आणि मग त्याच्या मानेत खुर्ची घालावी, असं नियमावलीचं कलम सात सांगतं (खुर्ची लोखंडी असावी, प्लॅस्टिकची प्रेक्षकांना अपमानास्पद वाटते).

हे कलम राबवायचं काम मास्तरांचं. मास्तर म्हणजे विभागाचे मुख्य लेखक. पूर्वी शाळेत मूल्यशिक्षण शिकवायचे. एकोणीस वर्षांत त्यांनी एकशे चार जोड्या फोडल्या होत्या: भाऊ-भाऊ सदतीस, जिवलग मित्र एक्कावन्न, मामा-भाचे अकरा, आणि पाच जोड्या अशा, की आपण एकमेकांचे कोण हे त्यांना स्वतःलाच शेवटपर्यंत कळलं नाही. माणूस मात्र गरीब गाय. घरी बायकोशी वाजायची वेळ आलीच, तर ते भांडण तोंडाने न करता वहीत टिपून ठेवत आणि सोमवारी कामाला आणत.

आता ही कुस्ती ठरवून खेळलेली असते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कोण पडणार, कधी पडणार, सगळं कागदावर असतं. पडणं तेवढं खरं असतं (जमिनीला कथा वाचून दाखवायची सोय नाही).

विभागाची सर्वांत जुनी जोडी थोरला आणि धाकटा यांची. नात्यानं दोघं कुणी लागत नव्हते, पण वीस वर्षं एकाच गाडीतून हिंडून आणि एकाच डब्यातलं खाऊन त्यांना भाऊ असल्याची सवय झाली होती. मास्तरांनी त्यांना सहा वेळा फोडलं, सहा वेळा जुळवलं. सहाही खुर्च्या थोरल्याच्याच मानेत बसल्या, कारण कॅमेरा त्या बाजूला असतो. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, आणखी एक फटका बसला तर मानेखालचं अंग सांगितलेलं ऐकणार नाही. थोरल्याने राजीनामा दिला. विभागाने तो आनंदाने मंजूर केला, कलम सातच्या अधीन राहून (म्हणजे जाताना एक शेवटची खुर्ची खाऊन).

दुसऱ्या दिवशी थोरल्याची बायको मास्तरांच्या खोलीत येऊन बसली. चहाला हात लावला नाही.

"भावजी, वीस वर्षं मी त्यांना उठवून बसवतेय. आता एकदा तरी स्वतःच्या पायांनी घरी येऊ देत."

मास्तरांनी वही उघडली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी खुर्ची नसलेला प्रसंग लिहिला. अर्धं पान भरलं: दोघं मिठी मारतात, सुटतात, थोरला घरी जातो.

संचालकांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली. "मास्तर, भांडण कुठंय?"

"नाहीये."

"मग लोक बघणार काय, कपाळ?"

तरी परवानगी मिळाली. त्या शनिवारी दुसऱ्या चॅनेलवर फुटबॉलचा अंतिम सामना होता आणि आपलं तसंही काही चालणार नव्हतं.

मिठी सुरू झाली तेव्हा रेटिंग होतं एक पूर्णांक एक. पण प्रेक्षक काही कालचे नव्हते. या रिंगणात मिठी पडली की खुर्ची येतेच, हे त्यांना पाठ होतं. कुणी चॅनेल बदललं नाही. आतल्या खोलीतल्यांना हाका गेल्या, शेजाऱ्यांना फोन गेले. चौथ्या मिनिटाला तीन पूर्णांक सहा. संचालक पंचाच्या कानातल्या यंत्रात ओरडले, "सोडू देऊ नका त्यांना."

"दादा, सुटू का?" धाकट्याने हळूच विचारलं.

"पंच नको म्हणतोय."

"मान?"

"तुझ्या खांद्यावर टेकवलीय. बरं वाटतंय."

नवव्या मिनिटाला संचालकांनी कोपऱ्यात एक खुर्ची नुसती आणून ठेवायला लावली. आठ पूर्णांक दोन. फुटबॉलचा सामना अर्धा टाकून लोक इकडे आले. सतराव्या मिनिटाला बातम्यांची वेळ झाली म्हणून मिठी सुटली. चॅनेलकडे एक्केचाळीस हजार पत्रं आली. चाळीस हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी जणांनी खुर्ची कधी बसणार ते विचारलं, अकरा जणांनी डोळे भरून आल्याचं कळवलं, एकाने तशी खुर्ची कुठे मिळेल याची चौकशी केली.

थोरल्याचा राजीनामा 'लोकाग्रहास्तव' स्थगित झाला. दर शनिवारी मिठी, सतरा मिनिटं, आणि दर आठवड्याला खुर्ची हातभर जवळ. मास्तरांचा सत्कार झाला. त्यांच्यानंतर खुर्चीचाही झाला.

आठव्या आठवड्यात वहिनी पुन्हा आल्या. "त्यांचे हात आता खाली येत नाहीत, भावजी. घरी येतात ते कुणाला तरी कवेत घेतल्यासारखे. मारा ती खुर्ची एकदाची, काय व्हायचं ते होऊ दे. पण माणूस मोकळा करा."

मार वाचवा म्हणून आलेल्या बाईवर मार मागायची पाळी आणली होती, आणि ती आपणच. मास्तरांना स्वतःची भयंकर लाज वाटली (यासाठी नियमावलीत कलम नाही). त्यांनी खुर्चीचा प्रसंग लिहिला, संचालकांनी तो उभ्याउभ्याच मंजूर केला, आठवडाभर जाहिराती झळकल्या. मग मास्तरांनी धाकट्याला बाजूला घेऊन कानात काहीतरी वेगळंच सांगितलं.

त्या शनिवारी रेटिंग एकोणीस पूर्णांक आठ. धाकट्याने मिठी सोडली, खुर्ची उचलली, डोक्यावर नेली. रस्त्यांवर चिटपाखरू नव्हतं. त्याने खुर्ची हळूच खाली ठेवली, हाताने पुसली आणि म्हणाला, "दादा, बस."

थोरला बसला, तसे त्याचे हात खाली आले. बूट सोडून तिथेच ठेवले, चपला घातल्या आणि बाजूच्या दाराने निघून गेला. आता तो घरी असतो. दुपारी झोपतो. बायको त्याच्यावर खेकसते, तो खुशाल ऐकून घेतो. मान ठीक आहे. त्याच्या बाबतीत पुढे काहीच घडलं नाही.

मास्तरांना सोमवारी काढून टाकलं. आदेशात कलम सातच्या भंगाचा उल्लेखही नव्हता; कारण म्हणून एवढंच लिहिलं होतं की, 'सदर प्रसंगी प्रेक्षकांचा चेहरा पडलेला आढळून आला.' तो चेहरा कसा दिसतो हे बघायला फार लांब जायला नको. थोरला धडधाकट घरी पोचला हे वाचून आत्ता तुमचा झाला, तोच.