बारकूकाकांची जर्मन दुखणी

कुणाविषयी काही लिहावे इतकी मी मोठी नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्या घरात आजवर लिहिले गेले ते अर्ज आणि लग्नपत्रिकांवरची नावे. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिली, म्हणून तेही काम माझ्याकडेच. तेव्हा चुकले तर सांभाळून घ्या. पण टोकावडे ते मुरबाड जीप चालवणाऱ्या माणसाला 'तिकीट किती' हे जर्मनमध्ये सांगता येत नाही आणि 'मला काल तीनदा उलटी झाली' हे मात्र न अडखळता सांगता येते, हे पोटात ठेवणे मला जमत नाही.

हे आमचे बारकूकाका. वय पंचावन्नच्या पुढे, शिक्षण चौथी. त्यांच्या जीपमध्ये गाणी लागत नाहीत. पेन ड्राइव्हवर एक बाई बोलते. आधी हिंदीत शब्द सांगते, मग जर्मनमध्ये, मग थोडी थांबते. त्या थांबण्यात आपण तो शब्द म्हणायचा. काका म्हणतात. एवढ्यात कुणी "काका, थांबवा" म्हणाले तर जीप थांबत नाही.

"अरे माजा नाका गेला ना मागं!" सावित्रीमावशी ओरडतात. त्या रोज मुरबाडला काकड्या विकायला नेतात.

"मावशी, बाई बोलत असताना मधी बोलायचा नाय."

"बाईला भाडा मागतोस का रे कधी?"

इंजिन सुरू केले की बाई पुन्हा पहिल्यापासून बोलू लागते, म्हणून काका वाटेत इंजिन बंद करत नाहीत. त्यामुळे रोज तोच शब्द त्याच जागी येतो. 'तहान' हापशीपाशी, 'ताप' सरळगावच्या अलीकडे, 'चक्कर' मोठ्या वळणावर. काकांनी शब्द असेच पाठ केले आहेत. कोणताही शब्द विचारा, ते आधी डोळे मिटून रस्ता आठवतात. (जीप उभी असताना.) एकदा म्हशी आडव्या आल्या आणि 'ताप' दोन शेते अलीकडेच आला. त्या दिवशी ते मुरबाडपर्यंत कुणाशी धड बोलले नाहीत.

"जागा हलली की शब्द माज्या हातात र्‍हात नाय गो," ते मला म्हणाले.

रोजच्या प्रवाशांनाही आता थोडे जर्मन येते. बाजारात एक गिऱ्हाईक मावशींच्या काकड्या दाबून दाबून पाहत होते. मावशींनी विचारले, "वो टूट एस वे?" म्हणजे, कुठे दुखतंय? गिऱ्हाईक गुपचूप दोन किलो घेऊन गेले.

मला एका गोष्टीचे कुतूहल होते. बाई दोन्ही बाजूंची वाक्ये सांगते, नर्सची आणि पेशंटची. काका म्हणत ती फक्त पेशंटची. पाठ दुखते. झोप येत नाही. गोळी कडू आहे. नर्सची पाळी आली की ते गप्प बसत. धडधाकट माणूस, भाताची पोती एकट्याने टपावर चढवणारा, आणि रोज सकाळी पाऊण तास परक्या भाषेत कण्हायचा. का?

उत्तर एका रविवारी मिळाले. त्यांची मुलगी सुजाता कल्याणच्या एका दवाखान्यात नर्स आहे. आई नाही, घरात ही दोघेच. ती सुट्टीला आली होती आणि पुढच्या सीटवर बसली होती. काकांनी पेन ड्राइव्ह लावला नाही. सुजाताने जर्मनमध्ये काहीतरी विचारले आणि काका छाती धरून असे कण्हले की मागे बसलेल्या एका नव्या आजोबांनी दार उघडायला घेतले.

"अरे गाडी थांबव, डायवरला काय झाला!"

"काय नाय आजोबा," मावशी म्हणाल्या, "त्याचा आभ्यास चाललाय."

सुजाता हसत हसत पुढचा प्रश्न विचारत होती. मध्येच अडली की काका थांबायचे, घाई करायचे नाहीत. तिला जर्मनीतल्या इस्पितळात नोकरी मिळत होती, पण भाषेच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. लेखी चांगली, तोंडीला गप्प. परीक्षक समोर बसला की तिचे तोंड उघडत नसे. मला ते पटकन कळले. वर्गात सरांनी इंग्रजीत विचारले की माझेही तसेच होते.

मुरबाडला उतरताना मी काकांना विचारले, "तुम्ही तिच्यासाठी शिकलात?"

"ती नर्स झाली. मंग पेशंट कोन व्हनार? तिकडं कल्यानात टाइम कुनाला हाय?"

"आणि पास झाली की ती जाणार ना?"

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "दार नीट लाव गो. खडखडतंय."

तिसऱ्यांदा परीक्षा झाली. निकालाला बरेच आठवडे लागले. त्या दिवसांत काका पूर्वीसारखेच कण्हत होते, फक्त थोडे मोठ्याने.

भाताची लावणी नुकतीच आटोपली होती. सकाळची आमची जीप मुरबाडकडे निघालेली. रेंज नव्हती. समोरून, मुरबाडहून, याच रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या किसनदादांची जीप आली आणि त्यांनी लांबूनच हॉर्न दाबून धरला. दोन्ही गाड्या खिडकीला खिडकी लावून थांबल्या.

"बारकू! फोन कुठं तुजा? पोरगी पास झाली रे! ष्टँडवरच्या टपरीत फोन केला तिनं!"

आम्ही सगळे ओरडलो. मावशींनी टोपलीतल्या काकड्या दोन्ही जीपमध्ये वाटल्या. नवे-जुने सगळे काकांच्या पाठीवर थाप मारत होते. काका मान हलवत होते. हसूही येत होते त्यांना. मग त्यांनी किसनदादांना विचारले, "जायाचा कदी, काय बोलली?"

"व्हिसा झाला की लगेच. दसऱ्याच्या आसपास."

"कापनीला हाय ना पन? दरसाल सुट्टी काडून येते ती."

किसनदादांनी गिअर टाकला होता, तो परत काढला.

"नाय, बारकू," ते हळू म्हणाले. "कापनीच्या आधीच जाते."