मानसीने घड्याळ पाहिलं नाही

धुऱ्यांच्या टीव्हीवर प्राग शहर आलं ते आडवं. नदी भिंतीसारखी उभी होती आणि माणसं तिच्या कडेने पालीसारखी सरकत होती.

"मानसी, फोन सरळ धर गं!" रत्नप्रभा ओरडली.

"आई, ओरडू नकोस. ऐकू येतं."

"एवढ्या लांब ऐकू जायला ओरडायला नको?"

मानसी ही काशीराम आणि रत्नप्रभा धुरी यांची एकुलती एक मुलगी. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातून थेट जर्मनीला शिकायला गेलेली. गेल्यापासून होस्टेलची खोली, लॅब आणि कपडे धुण्याचं मशीन यापलीकडे तिने युरोप पाहिला नव्हता. शेवटी परीक्षा संपली आणि एका शनिवारी पहाटेची बस पकडून ती शेजारच्या देशातल्या प्रागला गेली. एकटी. दिवसभर भटकायचं आणि संध्याकाळच्या बसने परत. बेत इतका साधा होता. चूक एकच झाली. बेत तिने आईला सांगितला.

आईने तो समोरच्या शांताबाईंना सांगितला, शांताबाईंनी जिन्यात सांगितला, आणि जिन्यातून तो अण्णा पटवर्धनांपर्यंत पोचला. अण्णा सोसायटीचे सेक्रेटरी. काही वर्षांपूर्वी ते टूर कंपनीबरोबर युरोपला जाऊन आले होते, पण तिथून पुरते परत असे आलेच नव्हते. टाकी गळली की ते व्हेनिसबद्दल बोलत, लिफ्ट बंद पडली की आयफेल टॉवरबद्दल. "पोर एकटी गेलीय, तिला कुणी दाखवायला नको?" असं म्हणत ते जेवणं उरकताच धुऱ्यांच्या सोफ्यावर मधोमध येऊन बसले. बरोबर त्यांची बायको कुंदा होती. शांताबाई तर सकाळपासून तिथेच होत्या.

"आता तू पुलावर आहेस," अण्णांनी मानसीला सांगितलं.

"हो अण्णा. मला माहितीय. मीच आहे ना इथे."

"डावीकडे किल्ला दिसेल."

"किल्ला समोर आहे."

"मग तू वाकडी उभी आहेस."

काशीराम हा भांडणाला घाबरणारा माणूस. कारखान्यात भोंगा झाला की त्यालाही तो मान डोलवायचा. तो टीव्हीला जोडलेल्या फोनजवळ तोंड नेऊन म्हणाला, "अण्णा म्हणतायत तर जरा वळ ना, बाळा."

मानसी वळली. किल्ला उजवीकडे गेला. अण्णांनी किल्ल्याचा विषय सोडून दिला.

"ते राहू दे. इथे एक तांब्याची मूर्ती आहे. तिला हात लावला की माणूस पुन्हा प्रागला येतो."

"अण्णा, मी आधी एकदा तरी नीट बघते. पुन्हाचं पुन्हा."

"लाव गं हात," रत्नप्रभा म्हणाली. "देवाचं असतं. चपला काढ आधी."

"आई, बूट आहेत. आणि मी पुलावर आहे."

"मग नुसता नमस्कार कर."

पुलावर दोन्ही बाजूंना मूर्तीच मूर्ती होत्या. त्यातली नेमकी कोणती, यावर अण्णा थोडा वेळ अडले. मग त्यांनी टीव्हीच्या काचेवर बोट टेकवलं. "ती! ती चकाकतेय ती!"

पुलाच्या तोंडाशी एका चौथऱ्यावर तांबूस रंगाचा दाढीवाला म्हातारा हात वर करून उभा होता. मानसी गेली, वाकली आणि तिने त्याच्या पावलाला हात लावला. पाऊल कोमट लागलं. हे बरोबर नाही असं तिच्या मनात येतंय तोच म्हाताऱ्याने पाय झटकला, "हाऽऽ!" असं किंचाळत चौथऱ्यावरून खाली उडी मारली, आणि टीव्हीवरचं प्राग गरागरा फिरलं.

विक्रोळीत रत्नप्रभाने डोळे मिटून हात जोडले.

"पावलो गो!" शांताबाई ओरडल्या. "देव पावलो!"

देव मात्र तिकडे त्याच्या भाषेत जे काही बोलत होता ते आशीर्वादासारखं वाटत नव्हतं. अंगाला रंग फासून तासन्‌तास पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चकित करायचं हा त्याचा धंदा होता. त्याला गुदगुल्या होतात हे त्या दिवशी सगळ्या पुलाला कळलं. लोक हसत होते, फोटो काढत होते. मानसी "सॉरी, सॉरी" करत गर्दीतून पळाली.

"अण्णा, तो माणूस होता!"

"आमच्या वेळी मूर्तीच होती," अण्णा शांतपणे म्हणाले. "बदलली असेल."

"बरं. झालं ना आता? मी नदीकाठी बसते जरा. काहीतरी खाते. फोन ठेवते."

"ठेवायचा नाही!" अण्णा सोफ्यावरून अर्धे उठले. "बारा वाजत आलेत तिथे. घड्याळ!"

जुन्या चौकात एक शेकडो वर्षांपूर्वीचं घड्याळ आहे. ठोके पडताना त्याच्या छोट्या खिडक्या उघडतात आणि आत संतांचे पुतळे फिरतात. अण्णांनी हे सगळं हातवारे करून सांगितलं. "प्रागला जाऊन ते न बघणं म्हणजे शिर्डीला जाऊन नुसतं जेवून येणं!"

"जेवाण पण बरा असता तिथला," शांताबाई म्हणाल्या.

"खूप गर्दी असते तिथे," मानसी म्हणाली. "मी व्हिडिओ बघितलाय त्याचा. मला नाही जायचं."

खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. काशीरामने पुन्हा फोनजवळ तोंड नेलं. "बाळा, जा ना. मग बस हवं तेवढं. सगळे बसलेत बघायला."

बाबांच्या आवाजातली विनवणी तिला ओळखीची होती. ती निघाली. वाट शोधायला मॅप लावला की टीव्हीवरून प्राग नाहीसं व्हायचं आणि शांताबाई "गेला, गेला" करून ओरडायच्या. म्हणून मॅप बंद झाला आणि त्याच्या जागी अण्णा सुरू झाले.

"उजवीकडे घे. आता ती कमान. कमानीतून आत. शॉर्टकट आहे. थेट चौकात निघशील."

"अण्णा, इथे अंगण आहे नुसतं. आणि समोर दार. बंद आहे."

"ढकल."

"कुणाचं तरी असेल!"

"अगं सगळं ओपन असतं तिकडे. ढकल. पाच मिनिटं राहिलीत!"

मानसीने दार ढकललं. आत उंच छताची एक देखणी खोली होती. खुर्च्यांवर नटलेली माणसं अगदी शांत बसली होती. पुढे पांढऱ्या झग्यातली नवरी आणि तिचा नवरा समोरासमोर उभे होते. गळ्यात सरकारी पदाची जाड साखळी घातलेले एक गृहस्थ त्यांना काहीतरी विचारत होते, आणि नवरी उत्तर द्यायला तोंड उघडणार होती. त्या शांततेत मानसीच्या हातातल्या फोनमधून अण्णांचा आवाज घुमला :

"आत घूस! घाबरू नकोस! कोणी काही करत नाही!"

सगळ्या खोलीने मान वळवली. नवऱ्या मुलाचा चेहरा पडला. लग्नात ऐनवेळी कोणी हरकत घ्यायला आलं की काय, असं त्याला वाटलं असावं.

"अगो बाई, लगीन!" रत्नप्रभा म्हणाली.

शांताबाईंचं आयुष्य लग्नांमध्ये गेलेलं. समोर नवरानवरी उभे आणि सगळे गप्प, हे त्यांना सोसेना. त्यांनी सवयीने खडा सूर लावला : "शुऽऽभमंगल साऽवधान!" त्यावर रत्नप्रभाने सवयीनेच टाळ्या वाजवल्या आणि काशीरामनेही वाजवल्या. नवरीला हसू फुटलं. ती हसली तशी पहिली रांग हसली. फक्त साखळीवाले गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी हात लांब करून दाराकडे बोट दाखवलं.

नवरीला "सॉरी" म्हणत मानसी पुन्हा अंगणात आली तेव्हा तिचे कान तापले होते. कुठेतरी छपरांपलीकडे ठोके पडत होते. बारा वाजले.

"चुकलं!" अण्णांनी कपाळावर हात मारला. "एवढी मुख्य गोष्ट चुकवलीस! आता एक वाजेपर्यंत थांब. चौकातच उभी राहा. हलू नकोस."

मानसीने फोन तोंडासमोर धरला. इतका वेळ टीव्हीवर पूल आणि रस्ते होते. आता तिचा लाल झालेला चेहरा सबंध पडदाभर आला.

"अण्णा, नाही. मी घड्याळ बघणार नाही. बाराचं नाही, एकचं नाही. किल्ला पण बघणार नाही. किती महिन्यांनी एक दिवस मिळालाय मला. मी नुसती बसणार आहे."

"बसायला एवढ्या लांब गेलीस?" अण्णांचा आवाज चढला. "इथे विक्रोळीत बाकं नाहीत का?"

"आहेत ना. पण तिथे तुम्ही बसलेले असता."

शांताबाईंनी पदर तोंडात धरला. अण्णा उभे राहिले. काशीराम घाईघाईने फोनजवळ सरकला. मुलीच्या प्रवासाच्या दिवशी याच अण्णांनी आपली गाडी काढून तिला विमानतळावर सोडलं होतं.

"मानसी," तो म्हणाला, "माफी माग अण्णांची."

"बाबा, तुमची मागते. आईची मागते. त्या नवरीची तर मागूनच आले. अण्णांची नाही मागणार."

"मानसी!"

"नाही म्हणजे नाही."

"नकोच मागू," कुंदा म्हणाली.

ती खिडकीजवळच्या स्टुलावर होती. तिच्याकडे सगळ्यांनी बहुधा दुपारपासून पहिल्यांदाच पाहिलं.

"मध्ये बोलू नकोस," अण्णा म्हणाले. "तू सांग उलट तिला. तू तर पाहिलंयस घड्याळ."

"नाही पाहिलं."

"काय नाही पाहिलं? माझ्या शेजारी उभी होतीस!"

"नव्हते. तुम्ही तोंड वर करून त्या गर्दीला माहिती देत होतात. मी मागे आहे की नाही, वळून बघितलंत का एकदा तरी? मी निघून गेले."

"निघून? कुठे?"

"नदीवर. बूट काढून बसले होते. एक गरम गरम गोड वळकटीसारखं काहीतरी घेतलं आणि सगळं एकटीने खाल्लं. बस सुटायच्या आधी परत आले. तुम्ही विचारलंत, कसं होतं घड्याळ? मी म्हटलं, छान."

अण्णा खाली बसले. मग एकदम काहीतरी आठवून पुन्हा उठले. "खोटं! आपल्या हॉलमध्ये फोटो आहे! घड्याळाखाली तू पाठमोरी उभी आहेस, जांभळ्या स्वेटरात!"

"माझ्याकडे जांभळा स्वेटर कधी होता?"

अण्णांनी उत्तरासाठी काशीरामकडे पाहिलं. काशीरामला स्वेटरबद्दल काहीच माहीत नव्हतं.

कुंदा उठून टीव्हीसमोर आली. "मानसी, ऐक. आल्या वाटेने परत पुलावर जा. पूल संपत आला की डाव्या हाताला दगडी जिना आहे. तो उतर. खाली झाडं आहेत, गवत आहे, पाणी अगदी जवळ आहे. तिथे बस."

"थँक्यू, काकू," मानसी म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला होता. "थांबा, मी पोचले की दाखवते तुम्हाला. फोन चालूच ठेवते."

"बंद कर तो," कुंदा म्हणाली. "मी बघितलंय ते."

टीव्ही काळा झाला. रत्नप्रभा चहा टाकायला उठली. पण अण्णा आधीच दाराबाहेर पडले होते. कुंदा त्यांच्यामागून सावकाश जिना उतरायला लागली. पहिल्या वळणावर अण्णा थांबले आणि शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "कुंदा, मग त्या फोटोतली बाई कोण?"

"मला काय माहीत?" कुंदा त्यांना ओलांडून पुढे गेली. "इतकी वर्षं हॉलमध्ये तुम्ही लावून ठेवलीय तिला."